दाईचं घर

आयर्लंडमधल्या त्या गावातली एकवीस घरं लॉर्ड किलवाराच्या माणसांनी सकाळपासून पाडली होती. साहेबाला तिथे मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं. आता फक्त म्हाताऱ्या होनोराचं घर उभं होतं. जन्मतःच आई गेलेला साहेब तिच्याच दुधावर वाढला होता.

तो घोड्यावरून उतरला. "दाई, तुझ्या घराला कोणी हात लावणार नाही. मरेपर्यंत सुखाने राहा."

होनोराने रस्त्याकडे पाहिलं. चार दिवसांची बाळंतीण असलेली शेजारीण पोराला छातीशी धरून चिखलात बसली होती. म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सुखाने? कोणाच्या शेजारी, तुझ्या मेंढ्यांच्या?" ती कडाडली. "माझ्या लेकीच्या तोंडचं दूध तुला पाजलं. ती गेली, तू जगलास. कशासाठी? हे बघायला?"

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. होनोराने घरात जाऊन चुलीतले निखारे फावड्यावर घेतले आणि बाहेर येऊन स्वतःच्याच गवती छपरावर भिरकावले. छप्पर पेटलेलं पाहूनच ती वळली आणि शेजारणीपाशी गेली.

"ऊठ पोरी, बाळ माझ्याकडे दे," ती म्हणाली. "बरंच चालायचंय."