दारापुढच्या खुर्च्या

ऊन उतरलं की दक्षिण स्पेनमधल्या आमच्या आंदालुसियातल्या गल्लीत खुर्च्या दाराबाहेर येतात. मग सूर्यफुलाच्या बिया फोडत सुनांची उणीदुणी काढायची, हा आम्हा चौघी शेजारणींचा रोजचा कार्यक्रम.

काल नगरपालिकेतला फेर्मिन नोटीस घेऊन आला. "रेमेदियोस मावशी, समोरचं घर आता पर्यटकांना भाड्याने देतात. तुमच्या गप्पांचा त्रास होतो, अशी मालकाची तक्रार आहे. खुर्च्या आत घ्या."

ऐंशीची रेमेदियोस जागची हलली नाही. "त्या घराची जाहिरात काढ बघू तुझ्या मोबाइलवर."

त्याने काढली. पहिल्याच फोटोत आम्ही चौघी खुर्च्यांवर बसून खिदळत होतो. खाली लिहिलं होतं, 'या, जिवंत गल्लीत राहायला या!'

 

रेमेदियोस म्हणाली, "मेल्या, आधी आम्हाला या फोटोतून उठव. मग इथून उठायचं बघू."