झाड असलेलं हॉटेल

मोहिनीच्या हातात मोबाइल होता आणि तिच्या वडलांच्या, सावळीरामआबांच्या, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. दोघं गोदाघाटाच्या पायरीवर बसले होते. सटाण्याहून पोहोचेपर्यंत दुपार टळली होती. अस्थिविसर्जन आता उद्या सकाळी सातला, असं गुरुजींनी सांगितलं. गंगापूर रोडला मावसभाऊ राहतो, पण अस्थी घेऊन कुणाच्या घरी जायचं नसतं. आईला, कुसाबाईंना, जाऊन तीन दिवस झाले होते आणि मोहिनीला अजून रडू आलं नव्हतं. आपल्याला काही होत का नाही, एवढंच तिला मधूनमधून वाटायचं.

तिने आधी एका स्वस्तातल्या होस्टेलला फोन लावला. एका खोलीत आठ खाटा होत्या.

"सामान लॉकरमध्ये ठेवायचं. चावी तुमच्याकडेच. एकदम सेफ," पलीकडचा म्हणाला. तिने ते जसंच्या तसं आबांना सांगितलं.

आबांनी मडक्याकडे पाहिलं. "तुनी मायनी कधी दारले कडी लायी नही," ते म्हणाले.

दुसरं एक हॉटेल होतं, खेड्याच्या थीमचं. मोबाइलवर त्याचे फोटो होते. शेणाच्या रंगाच्या भिंती, रंगवलेली बैलगाडी, पाणी नसलेली विहीर. शहरातल्या माणसाला खेड्यात झोपल्यासारखं वाटावं म्हणून हा सगळा खटाटोप. आबा तर सत्तर वर्षं तिथेच फुकट झोपत आले होते. एरवी मोहिनीला हसू आलं असतं.

"तठे झाड शे का?" आबांनी विचारलं.

तिने फोटो मोठा केला. अंगणात कडुनिंब होता, खराखुरा. अस्थी छताखाली नेत नाहीत, झाडाला टांगतात. "आहे," ती म्हणाली आणि तिने खोली बुक केली.

हॉटेलच्या दारात नऊवारी नेसलेल्या बाई गंधाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बोट पुढे केलं तशी आबांनी मान मागे घेतली.

"हे झाडाला टांगलं तर चालेल का?" मोहिनीने विचारलं. काय आहे ते तिने सांगितलं नाही.

"चालेल की! उलट छानच दिसेल."

कडुनिंबाला कंदील लटकवले होते. आबांनी एक मोकळी फांदी पाहून मडकं बांधलं आणि खाली पारावर बसले. खोलीत चला म्हटलं तरी हलले नाहीत.

दिवे लागले तेव्हा दोन मुली फोटो काढत अंगणात आल्या. धोतर, टोपी, कंदील, मडकं. हा म्हातारा हॉटेलवाल्यांनीच बसवलाय, असं त्यांना वाटलं.

"काका, किती मस्त! तुमचा एक फोटो घेऊ?"

मोहिनी घाईने पुढे झाली. आता सांगावंच लागणार होतं. पण तोवर आबा उभे राहिले होते. त्यांनी टोपी नीट केली आणि हात वर करून, वाऱ्याने हलणारं मडकं धरलं.

"दोन्हीसना ल्या," ते म्हणाले.

"दोघांचा?" मुलीने इकडेतिकडे पाहिलं. मग मोहिनीला हाताने बोलावलं. "ताई, या ना मग."

मोहिनी दोन पावलं मागे सरकली, फोटोत येणार नाही एवढी.