गावातलं सगळ्यात गरीब घर

मुंबईच्या कॉलेजातल्या एक बाई आमच्या गावात आल्या. अगदी गरिबाला छोटं कर्ज दिलं तर त्याची गरिबी हटते का, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. कर्जातून दोन शेळ्या मिळणार म्हटल्यावर शेजारच्या पुतळामावशीची झोपच उडाली. तिच्या घरात एक चूल आणि एक चटई, बस्स!

"मावशी, कर्ज मागायचं तर घर भरलेलं दिसायला हवं. नाहीतर फेडशील यावर विश्वास कोण ठेवणार?" मी नववीतली अक्कल पाजळली आणि आमच्याकडच्या खुर्च्या, टेबल, कपबश्या, घड्याळ, ट्रान्झिस्टर, सगळं धावत धावत तिच्या झोपडीत नेऊन मांडलं. काय थाट दिसत होता म्हणून सांगू!

बाई तिथे आमच्याच कपातून चहा प्यायल्या आणि मग आमच्याकडे आल्या. आमच्याकडे त्यांना टेकायला पाटसुद्धा उरला नव्हता. त्यात पप्पा केळीच्या वाडीतून आले ते फाटक्या गंजीत, चिखलाने माखलेले. बाईंचे डोळेच भरून आले. त्यांनी भराभर काहीतरी लिहून घेतलं.

महिन्याभराने शेळ्या आल्या, सोबत कागद: 'अतिगरीब कुटुंब, गॅब्रिएल तुस्कानो.' पप्पा माझ्यावर असे कडाडले! मग शेळ्या ओढत तडक पुतळामावशीच्या दारात गेले. "घे. नाव माझं, शेळ्या तुझ्या."



मावशीने हसू दाबत त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, "लाजू नको रे गॅब्रिएल, एक तरी ठेव. गरिबी कोनाला चुकलीय?"