बाई आनंदात

पाळकसाहेबांनी वही गाडीच्या बॉनेटवर इतक्या जोरात आपटली, की शेजारी ठेवलेले नट-बोल्ट उडून जमिनीवर घरंगळले.

"गुरुवारची नोंद वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा!"

मेकॅनिक नुकताच गाडीखालून बाहेर आला होता, धड उभाही राहिला नव्हता. चर्चच्या सहा पंचांपैकी तो एक. प्रत्येक पंचाकडे दहा घरं सोपवलेली. आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची आणि भेटीच्या वहीत लिहायचं. ही पद्धत पाळकसाहेबांनीच सुरू केलेली आणि तिचा त्यांना कोण अभिमान! बाहेरून कुणी पाळक आले की चहाच्या आधी या वह्या पुढे यायच्या.

मेकॅनिकनं वहीला हात लावला नाही. हात तेलानं बरबटले होते, आणि आत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं.

"मग मीच वाचतो. 'शिवणबाईंची भेट घेतली. अर्धा तास प्रार्थना केली. बाई आनंदात.' आनंदात! अहो, डॉक्टर म्हणतात बाई सोमवारीच गेल्या. शुक्रवारी शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा उंबऱ्यात दुधाच्या पिशव्या नासून पडल्या होत्या. गुरुवारी अर्धा तास तुम्ही कुणाबरोबर प्रार्थना केलीत?"

शिवणबाईंना शनिवारी मूठमाती दिली होती. गायकवृंदाचे झगे तीस वर्षं त्यांनीच शिवले. उपासनेला पहिल्या बाकावर बसून त्या जीव तोडून गायच्या, आणि सूर मात्र कधी चुकूनही लागला नाही. काल रविवारी पहिला बाक रिकामा बघून पाळकसाहेब गीताचं एक कडवं चुकले होते. संध्याकाळी बाईंच्या नावापुढे मृत्यूची तारीख घालायला त्यांनी वही उघडली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरीमिरीत त्यांनी पत्र लिहिलं. आता ते त्यांनी खिशातून काढून मेकॅनिकच्या नाकासमोर धरलं.

"मंडळीविषयी खोटं लिहिणाऱ्याला मंडळीची राखण करायचा हक्क नाही. असं लिहिलंय यात. येत्या रविवारी सगळ्यांसमोर वाचणार आहे. खाली सही करा. किती दिवस चाललं होतं हे?"

"तीन महिने," मेकॅनिक म्हणाला. "बाईंचं घर पार दुसऱ्या टोकाला. एका आठवड्यात जमलं नाही, तरी लिहून टाकलं. मग सोपं होत गेलं."

"सोपं होत गेलं!" पाळकसाहेब कडाडले. पलीकडच्या टायरच्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. बघू देत! "प्रभूची मेंढरं आहेत ती! तुमच्या भरवशावर सोडलेली! ती बाई चार दिवस फरशीवर पडून होती आणि तुमच्या वहीत ती आनंदात होती. लाज नाही वाटली?"

"वाटते," मेकॅनिक म्हणाला.

त्यानं फडक्याला हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा डाग उमटला. तो हुज्जत घालेल, कामाचं निमित्त सांगेल, असं पाळकसाहेबांना वाटलं होतं. सगळी उत्तरं त्यांनी वाटेतच तयार केली होती. ती तशीच तोंडात राहिली आणि त्यांचा संताप आणखीच वाढला.

"बाप्तिस्मा घेतलेला माणूस तुम्ही. ही खोड लागली तरी कुठून?"

मेकॅनिकनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. मग तो हत्यारांच्या कपाटाकडे गेला. पान्यांच्या खणात, पान्यांच्याही खालून, त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक पातळ पुस्तक काढलं. चर्चचा गेल्या वर्षीचा अहवाल. एक पान दुमडलेलं होतं.

"आता हे तुम्ही वाचा. मोठ्यानं नाही वाचलंत तरी चालेल."

पाळकसाहेबांनी वाचलं. शब्द त्यांचेच होते. 'आपल्या एका पंचांच्या पत्नी हॉस्पिटलात असताना पाळकांनी चार वेळा भेट देऊन प्रार्थना केली.'

"अठरा दिवस मी तिच्या कॉटजवळ स्टुलावर बसून होतो," मेकॅनिक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण हातातलं फडकं त्यानं पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. "तुम्ही फोनवर 'येतो' म्हणाला होतात. भेटायची वेळ चारची. रोज पावणेचारला ती केस विंचरून बसायची. तुम्ही आला असतात तर ते स्टूल तुम्हालाच दिलं असतं."

पाळकसाहेबांना आठवलं. आधी एक लग्न निघालं, मग परिषद, मग कमिटीची बैठक. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणेपर्यंत ती घरी आली होती. अहवालात भेटींचा आकडा घालायचा होता. शून्य कसं लिहायचं? चार बरा दिसला.

"तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. टायरच्या दुकानात ऐकू जाईल असा आवाज आता राहिला नव्हता.

"बोलणारच होतो. तुम्ही व्यासपीठावरून हे वाचलंत, लोक 'आमेन' म्हणाले, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हटलं, घरी जाऊ, बायकोला सांगू, बघ तुझे पाळकसाहेब! पण चर्चमध्ये तिनंही ते ऐकलं होतं; घराचं कुलूप उघडायच्या आधी तीच माझ्यावर चिडली. म्हणाली, 'चारही वेळा मी झोपले होते का हो? मला उठवायचं तरी!'"

त्यानं वाकून जमिनीवरचा एक नट उचलला आणि बॉनेटवर, उघड्या वहीशेजारी ठेवला.

"मी म्हणालो, 'हो. गाढ झोपली होतीस.'"