हिरवी फुली

"हनुवटी टेकवा, आजी. कपाळ पट्टीला लावा. मध्ये हिरवी फुली दिसेल, तिच्याकडे बघत राहायचं."

प्रेमलताबाईंनी हनुवटी टेकवली. मोतीबिंदू पिकला असेल म्हणून त्या भुईगावहून रिक्षानं एकट्याच दवाखान्यात आल्या होत्या, आणि डॉक्टरांनी त्यांना या नव्या कोऱ्या मशीनपुढे आणून बसवलं होतं. फुली काही दिसेना. त्यांनी डोळा जरासा बाजूला नेला, तर कोपऱ्यात काहीतरी हिरवं चमकलं.

"हां, सापडली."

"अहो, डोळा कुठे नेताय? मध्ये बघा ना!" मशीन चालवणारी उन्नती वैतागली. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते, आणि या आजींची नजर काही केल्या जागेवर राहीना.

"मध्येच बघतेय. मध्ये काही नाहीये तुझ्या मशीनमध्ये."

"सगळ्यांना दिसते, आजी."

"दिसू दे. आणि सारखं आजी आजी काय गं? वाडीतले केळीचे घड मी अजून स्वतः उतरवते."

उन्नतीला हसू आलं. ती मुकाट्यानं 'आजी'वरून 'काकी'वर आली आणि मशीन इकडेतिकडे सरकवत तिनं कसेबसे दोन्ही डोळ्यांचे फोटो मिळवले.

फोटो कसला, डोळ्यातल्या पडद्याचा छेदच तो. केळीचा खांब कापल्यावर दिसतात तसे थरावर थर, केसाहून बारीक असले तरी वेगवेगळे दिसणारे. मधोमध मात्र ते खचून गेले होते. डॉक्टर आले, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "मोतीबिंदू नाही हा. पडद्याचा मधला भाग झिजलाय. वयानं होतं. कडेचं दिसत राहील, पण मधलं परत येईल असं औषध नाही. चेहरे ओळखायला त्रास होत असेल ना?"

"होतो. पण ठार आंधळी नाही ना होणार? मग झालं," प्रेमलताबाई म्हणाल्या. बाई खमकी. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले.

"रिपोर्ट कधी मिळेल?" प्रेमलताबाईंनी उठता उठता विचारलं.

उन्नतीनं रिपोर्ट छापायला लावला. मग हळूच म्हणाली, "काकी, मगाशी ओरडले म्हणून रागावलात का?"

"छे गं. का?"

"तोंड फिरवून बोलताय, म्हणून वाटलं." आणि बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. "अच्छा! तुम्ही कडेनं बघताय. मान वळवली की मी दिसते."

"मग काय तर! नाहीतर तुझ्या खांद्यांवर नुसतं धुकं."

एवढं बोलून प्रेमलताबाई पुन्हा स्टुलावर बसल्या.

"म्हणजे समोरच्याला वाटतं, मी तोंड फिरवलं?"

"मला तरी वाटलं."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"आमच्या शेजारचा कॉन्रॅड गेला, मागच्या मेमध्ये," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंत्यविधीची मिस्सा झाल्यावर चर्चच्या दारात काळ्या कपड्यांतल्या बायकांची ही गर्दी. मी त्याच्या बायकोला शोधत होते, क्लेमेंटीनला. एक बाई हात पसरून माझ्यापुढे आली. कोण आहे बघावं म्हणून मी मान वळवली. नीट बघेपर्यंत ती निघून गेलेली."

"त्याच होत्या?"

"दुसरी कोण असणार! तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसणारी बाई! दिवाळीचा फराळ पाठवला, ताट तसंच परत. विचारायला गेले तर दार लावून घेतलं. काय चुकलं माझं, काय चुकलं, डोकं फुटायची वेळ आली गं. आता दिवेलागणीला मी रेडिओ लावून बसते. घरात माणसाचा आवाज हवा ना कुणाचातरी."

उन्नतीनं छापलेला रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

"या फोटोत कळतं का," प्रेमलताबाईंनी एकदम विचारलं, "मागच्या मेमध्येही माझं असंच होतं ते? तसं लिहून देशील?"

"आज काय आहे ते दिसतं, काकी. कधीपासून आहे ते नाही कळत."

"डोंबल तुझ्या मशीनचं!" त्या उठल्या. "राहू दे. मीच जाते तिच्याकडे. इथनं थेट."

दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"पण ती पुढ्यात आली की मी परत मान वळवणार. मेली सवयच लागलीय. बघितलं की तिनं दार लावलंच म्हणून समज."

"वळवायची नाही. त्यांच्या तोंडासमोर तोंड धरायचं."

"मग ती मला दिसणार कशी?"

"नाही दिसणार, काकी. पण तुम्ही त्यांच्याकडे बघताय, ते त्यांना दिसेल."

प्रेमलताबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"तू उभी राहा बघू अशी. माझ्यापुढे."

उन्नती समोर येऊन उभी राहिली. प्रेमलताबाईंनी मान सरळ केली, तसा उन्नतीचा चेहरा पुसला गेला. मान आपोआप वळायला लागली. त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि मान तशीच ठेवली. त्या धुक्याकडे बघून त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "क्लेमेंटीन, मी तुलाच शोधत होते गं त्या दिवशी."

उन्नतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बरोबर बघतेय ना मी?" प्रेमलताबाईंनी विचारलं.