पहिली ओंजळ

‘बोरं सांडली दारी, वेचाया आल्या पोरी,
माज्या बाळाच्या न्हाणाला आली गल्लीच सारी.’

धाकट्या भावाच्या बोरन्हाणाला आईनं म्हटलेली ही ओवी शिवानीच्या कानात अजून होती. ओवी संपताच बोरं उधळायला सरसावलेल्या बायकांना आईनं थोपवलं होतं, ‘थांबा गं. पहिली ओंजळ आईची.’

तेव्हा शिवानी सहा वर्षांची होती. आज ती एसटीत कंडक्टर होती, रथसप्तमी होती, आणि तिच्या अकरा महिन्यांच्या सिद्धेश्वरीचं बोरन्हाण व्हायचं राहिलं होतं. आजचा दिवस मावळला की ते राहिलंच.

रजा मिळाली नव्हती. सकाळी ती सासूला म्हणाली, “आत्या, तुमीच उरका. आज मंद्रूपच्या गाडीवर हाय मी, यायला रात हुईल.” शिवबाईनं खाकी कपड्यांची पिशवी तेवढी सुनेच्या हातात दिली. शिवानी घरून साडीत निघायची आणि डेपोत खाकी चढवायची. तसंच ठरलेलं होतं. पैपाहुण्यांत शिवबाई सांगायची, ‘सून सोलापुरात हापिसात हाय.’

पाच वाजता मंद्रूपहून गाडी निघाली ती शाळेच्या पोरींनी गच्च भरून. पहिल्याच फाट्यावर शिवबाई हात करून उभी होती. कडेवर सिद्धेश्वरी, अंगात काळ्या खणाचं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. काखेत फुगलेली पिशवी.

“एक सोलापूर,” खिडकीबाहेर बघत शिवबाई म्हणाली.

शिवानीनं परक्या बाईला द्यावं तसं तिकीट दिलं. सिद्धेश्वरीनं मात्र आईकडं दोन्ही हात पसरले. शिवबाईनं तिला खिडकीकडं वळवलं. पुढच्या सीटचं तिकीट काढताना शिवानीचं बोट दोनदा चुकलं.

भरल्या गाडीतून ती मागावरच्या धोट्यासारखी पुढं-मागं होत राहिली. कुणाचं गाठोडं वर सरकवलं, कुणाच्या म्हाताऱ्याला दांडी धरून दिली. बायकांच्या जागेवर एक गडी पेंगत होता, त्याला ती म्हणाली, “उठा दादा, झोप उभ्यानंबी येती.” गाडी हसली. गडी उठला, पोटुशी बाई बसली. शिवबाई खिडकीबाहेर बघायचं विसरून गेली होती.

थोडं पुढं उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. ड्रायव्हर बिरुदेवनं इंजिन बंद केलं.

“एवढं नटवून कुटं नेताय लेकराला?” शेजारी बसलेल्या अनोळखी निंगव्वानं विचारलं.

“कुटं न्हाय, हितंच. बोरन्हाण करायचंय तिचं.”

“एसटीत? खुळ्या का काय तुमी!”

“मग काय करू? आमच्या वस्तीवर ही एकटी. म्होरल्या वस्तीवर दीड लेकरू.”

“दीड?”

“एक चालतंय, एक रांगतंय. बोरं वेचाया पोरी नगंत व्हय? सगळ्या एका जागी सापडत्यात त्या ह्या गाडीतच.”

“आणि आई?”

“ती सोलापुरात हापिसात हाय.”

दोन सीटा पलीकडं उभ्या असलेल्या शिवानीनं ते ऐकलं. मग ती पुढं झाली. “आजी, गाडीत काय सांडायचं नसतंय.”

“सांडणार न्हाय. पोरी एक दाणा खाली ठिवायच्या न्हाईत. काय गं?”

“न्हाय ठिवत!” साऱ्या पोरी ओरडल्या. दप्तरं सीटखाली गेली. कुणी ओढणी पसरली, कुणी ड्रेसचा घेर. बिरुदेव खाली उतरला आणि ट्रॉलीवाल्याकडून एक ऊस मागून घेऊन आला. “ऊस न्हाय तर कसलं न्हाण?” गुडघ्यावर मोडून त्यानं कांड्या करून दिल्या. निंगव्वानं सिद्धेश्वरीला मांडीवर घेतलं. बोरं, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे. शिवबाईनं ओंजळ भरली, वर उचलली.

“थांबा, थांबा,” निंगव्वा म्हणाली. “पहिली ओंजळ आईची असती. तिच्या नावानं घाला तरी. काय नाव हाय तिचं?”

शिवबाईचे हात तसेच राहिले.

ट्रॉली बाजूला झाली होती. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. बिरुदेवनं आपल्या जागेवरून हाक दिली, “मॅडम, रस्ता मोकळा झाला. द्या घंटी.”

शिवानी दाराशी होती. तिनं निंगव्वाच्या मांडीवरच्या मुकुटाकडं एकदा पाहिलं आणि दोरीला हात घातला.

“थांब गं जरा!” शिवबाई ओरडली.

सगळ्यांनी मान वळवली. भरली ओंजळ सांभाळत, ओढण्यांवरून पाय उचलत शिवबाई दारापर्यंत आली. शिवानीच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन तिनं कोपरानं बाजूला सारलं. सुनेच्या हातांत बोरं ओतली. चार-दोन चुरमुरे खाकीवर चिकटले, ते तिनं झटकले नाहीत.

मग ती वळली आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निंगव्वाला म्हणाली, “मघा मी खोटं बोलले बाई. हापिसात न्हाय ती. शिवानी नाव हाय तिचं. ह्या गाडीची कंडक्टर हाय माझी सून.”