कंबर काय म्हणते

"पुढच्या मंगळवारपर्यंत कमरेबद्दल घरात एक शब्दही बोलायचा नाही," फोनमधली मानसतज्ज्ञ म्हणाली.

फोन साखरेच्या डब्याला टेकवून जेवणाच्या टेबलावर उभा केला होता. समोर पाठीला दोन उशा लावून बसलेला माणूस तिच्याकडे बघतच राहिला. सव्वीस वर्षं त्याने बस चालवली होती, आणि गेली सहा वर्षं तो घरी होता. हाडांचे डॉक्टर झाले, नसांचे झाले, शेवटी वेदनांच्या दवाखान्याने त्याला या मुलीकडे धाडलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने तिला सुनावलं होतं, "मॅडम, माझं डोक्यात नाही, कमरेत दुखतं." ती शांतपणे म्हणाली होती, "दुखणं खरंच आहे, काका. त्यावर वाद नाही. पण त्याने घरातली किती जागा अडवलीय, ते आपण बघू." तेव्हापासून तो फोनसमोर मुकाट्याने बसायला लागला. आज पाचवी खेप होती.

"एक शब्दही नाही?"

"गोळ्या घ्या, व्यायाम करा, लागेल तेव्हा पडा. फक्त त्याची चर्चा नको. काकू आहेत का घरात? त्यांच्याशीही बोलते."

बायको ओट्यापाशीच होती. पदराला हात पुसत ती आली आणि फोनमध्ये मावावं म्हणून नवऱ्याच्या खांद्यामागे वाकून उभी राहिली. फोनमधल्या मुलीने तिलाही तेच सांगितलं. सकाळी उठल्यावर कळ कुठवर आली ते विचारायचं नाही. लेकीचा फोन आला की तिनेही "बाबा, कंबर काय म्हणते?" असं सुरू करायचं नाही.

बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग आम्ही बोलायचं काय?"

फोनमधली मुलगी हसली नाही. तोही हसला नाही. बायकोने थट्टा केलेली नव्हती. चपात्या किती करू, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं.

"तेच शोधायचंय, काकू," मुलगी म्हणाली. वेळ संपली होती. तिने हात हलवला आणि फोनवर नुसती काळी काच उरली.

दोघं तसेच राहिले. तो बसलेला, ती मागे उभी. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. "बसून बसून..." असं त्याने सुरू केलं आणि जीभ चावली. ती "शेक..." म्हणाली आणि गप्प झाली. सहा वर्षं कंबर घरातल्या तिसऱ्या माणसासारखी त्यांच्या मधे बसायची. आता तिला उठवलं, तर समोरासमोर आलेल्या या दोघांना आपापली नजर कुठे ठेवावी ते कळेना.

ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. बोटाने टेबलावरचा एक चपातीचा तुकडा इकडून तिकडे सरकवला.

"मी गाडी शिकतेय," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. शिकवणीला जाते. महिना झाला."

"तरीच! कोथिंबीर आणायला तास तास लागतो."

"तुमच्यासमोर गाडीचं नाव काढलं की तुमचा चेहरा उतरतो. म्हणून नाही सांगितलं." ती थांबली. "सुरू केलं ते तुमच्यासाठीच. दवाखान्यात न्यायला दर वेळी कुणाच्या हातापाया पडायचं? पण मग..." तिने तुकडा उचलून बाजूला ठेवला. "मग मला आवडायलाच लागलं."

त्याला काय वाटलं ते त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. आधी त्याला ते खुपलं. गाडी म्हणजे त्याची; ती नेहमी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसणारी. मग त्याला तिचा चेहरा दिसला. परीक्षेचा पेपर बरा गेलेल्या मुलीसारखा तो लपवू म्हणता लपत नव्हता. हा चेहरा महिनाभर या घरात वावरत होता, आणि त्याने पाहिला नव्हता.

"शिकवणारा कसा आहे?"

"ओरडतो. चढावर गाडी मागे जाते माझी. मागचे भोंगे वाजवायला लागले की मला काही सुचत नाही."

"ओरडून कुणी शिकतं होय!" तो म्हणाला. आवाज चांगलाच चढला होता. "भोंगे वाजू देत. चढावर भोंग्याकडे नाही, पायाकडे लक्ष द्यायचं."

"म्हणजे कसं?"

त्याने टेबलाची कड धरली आणि उठला. कळ कमरेतून मांडीत उतरली, गुडघ्यापर्यंत आली. तो क्षणभर थांबला. ती अर्धवट उठली, तिचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. तोही नाही. त्याने आपली खुर्ची ओढत नेऊन तिच्या खुर्चीशेजारी लावली, तिच्यासारखंच तोंड समोर करून, आणि बसला. चालवणाऱ्याच्या शेजारी बसायची सवय त्याला नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

"हं. समोर चढ आहे. डावा पाय क्लचवर."

तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल फरशीवर दाबलं.

"आता हळूहळू सोड. गाडी थरथरली की थांब... अगं, हळू! एकदम सोडलास. बंद पडली."

तिने पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आता?"

"आता काय," तो म्हणाला, "परत चालू कर."